न्हाणीचं पाणी फ्लशला: लातूरमधल्या एका रो-हाऊसचा प्रकरण अभ्यास

लातूरकरांना पाणी साठवायला शिकवावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून शहराला पाणी आणावं लागलं. त्याच्या आधीपासूनच इथल्या घरात अंगणाखाली हौद, गच्चीवर टाकी आणि जिन्याखाली पिंपं असतात. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून आलं की दिसेल ते भांडं भरून ठेवायचं. अंघोळीचं पाणी फ्लशला वापरायची वेळ येते तेव्हा नेमकी हीच सवय आड येते. वापरलेलं पाणी साठवलं की सडतं. ही व्यवस्था बिघडते ती बहुतेक वेळा मोठ्या टाकीमुळे, पण लोक मात्र गाळणी बदलत राहतात.

इथे घेतलेलं घर नमुन्याचं आहे. मराठवाड्यातल्या शहरांत अशा मांडणीची घरं भरपूर आहेत आणि त्यांत जे हमखास घडतं ते एकाच घरात बसवून दाखवलं आहे. आकडे याच घराच्या हिशेबाचे आहेत. स्वतःच्या घरासाठी ते तसेच न उचलता बादलीने मोजून काढावेत.

घर आणि हिशेब

तळमजला आणि वर एक मजला. माणसं पाच: आजी, नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं. आजींचे गुडघे दुखतात म्हणून त्या खाली राहतात आणि खालच्या संडासात कमोड बसवला आहे. फ्लशची टाकी ६ आणि ३ लिटरच्या दोन बटणांची. बाकीचे चौघे वरच्या बाथरूममध्ये अंघोळ करतात. वरही एक संडास आहे, पण तो या व्यवस्थेत घेतलेला नाही, कारण तिथे पाणी चढवायला पंप लागला असता. पंप आला की वीज आली, फ्लोट स्विच आला, गाळाने अडकणारा पंखा आला. वरच्या मजल्याचं पाणी खालच्या मजल्याला द्यायचं असेल तर उतार आयता मिळतो. तो सोडून पंपाच्या मागे लागू नये.

आवक अशी. बादलीने अंघोळ करणाऱ्या माणसाला साधारण २५ लिटर लागतात. चौघांचे १०० लिटर, त्यातलं फरशीवर आणि अंगावर राहणारं वजा करून ९० लिटर हाती येतं. गरज अशी. आजी दिवसभर घरात, म्हणजे एक मोठा फ्लश आणि सहा छोटे, २४ लिटर. बाकीच्या चौघांचा खालच्या संडासात प्रत्येकी एक मोठा आणि दोन छोटे, १२ लिटरप्रमाणे ४८. एकूण ७२ लिटर. अंघोळीचंच पाणी पुरून उरतं.

म्हणून वॉशिंग मशीन जोडलेलं नाही. मशीनचं पाणी एका दमात येतं, सोबत कपड्यांचे तंतू आणतं, आणि पावडरचा फेस फ्लशच्या टाकीत वर चढतो. स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी तर कुठल्याही परिस्थितीत घ्यायचं नाही. तेलकट भांडी आणि अन्नाचे कण यांच्यामुळे ते काही तासांतच आंबायला लागतं. बेसिनचं पाणी इतकं थोडं असतं की त्याच्यासाठी भिंत फोडण्यात अर्थ नाही.

वाया का जातं

अंघोळीच्या पाण्यात साबण, तेल, त्वचेचा मळ, केस आणि शरीरावरचे जंतू असतात. ताजं असताना त्याला साबणाचा वास येतो. जंतू हा मळ खात वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. साठवलेल्या अशा पाण्यात पहिल्या एक-दोन दिवसांतच जंतूंची संख्या दहा ते शंभर पटींनी वाढू शकते. ऑक्सिजन संपला की वेगळ्या जातीचे जंतू जोर धरतात. ते पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच कुजक्या अंड्यांचा वास. पाणी राखाडी होतं, मग काळपट.

पाचशे लिटरची टाकी बसवली तर रोज ९० लिटर येऊन ७२ जाणाऱ्या घरात ती हळूहळू भरत जाते. भरल्यावर तिच्यातलं पाणी सरासरी पाच-सहा दिवसांचं शिळं असतं. वाळू-कोळशाची कितीही थरांची गाळणी लावली तरी हा वास जात नाही, कारण तो गाळणीनंतर तयार होतो. उलट वाळूची गाळणी स्वतःच सडायला लागते. साबणाचा चिकट थर वाळूच्या कणांवर बसतो, हवा आत पोचत नाही, आणि रोज उलट धुलाई करायला घरात कोणाला वेळ नसतो.

गाळणीच्या व्यवस्था मोठ्या जागी चालतात हे खरं आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या धार-झाबुआ भागातल्या आश्रमशाळांत मुलांच्या अंघोळीचं पाणी खडी-वाळूतून गाळून संडासांना दिलं, आणि त्यावर २००७ मध्ये मार्गदर्शिकाही काढली. पण तिथे रोज अंघोळीचं भरपूर पाणी निघतं आणि ते दिवसभरात खपतं. पाच माणसांच्या घरात गाळणीचा सांभाळ गाळणीपेक्षा जड होतो. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या एका हॉटेलात खोल्यांतल्या अंघोळीचं आणि बेसिनचं पाणी फक्त नायलॉनच्या जाळीतून गाळून, गाळ बसू देऊन आणि क्लोरीन घालून फ्लशला वापरलं गेलं. तिथल्या अभ्यासाने घातलेल्या मुख्य अटींपैकी एक होती साठवणीची: ४८ तासांच्या आत वापर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आम्ही ती २४ तास धरतो.

मांडणी

सगळ्या उंच्या खालच्या संडासाच्या फरशीपासून मोजलेल्या आहेत. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचा पाइप स्लॅबखाली २.७ मीटरवर बाहेर पडतो. काम सुरू करण्याआधी त्या नहाणीत नीळ घातलेलं बादलीभर पाणी ओतून खाली कुठल्या पाइपातून येतं ते बघावं, आणि मग वरच्या संडासात फ्लश करून त्याच पाइपात काही येत नाही ना याची खात्री करावी. जुन्या घरांत दोन्ही पाइप मधेच एकत्र केलेले सापडतात. तसं असेल तर काम तिथेच थांबवायचं.

बाहेरच्या भिंतीला लागून, बाजूच्या मोकळ्या पट्टीत १.४ मीटर उंचीचा लोखंडी अँगलचा स्टँड आणि त्यावर २०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप. पिंपाचा व्यास साधारण ५८ सेंटीमीटर, उंची ९०. स्टँड भिंतीला ब्रॅकेटने टांगू नये. पाय जमिनीत काँक्रीटमध्ये घ्यावेत आणि ताकद अडीचशे किलोची धरावी.

पिंप २०० लिटरचं असलं तरी ते तेवढं भरू द्यायचं नाही. तळापासून ५० सेंटीमीटरवर ओव्हरफ्लोचं भोक, म्हणजे आत जास्तीत जास्त १३० लिटर. फ्लशकडे जाणारं तोंड तळापासून ८ सेंटीमीटर वर, म्हणजे खालचे वीसेक लिटर गाळासाठी. वापरता येणारं पाणी ११० लिटर. वरची ४० सेंटीमीटर जागा रिकामी दिसते आणि प्रत्येक प्लंबर विचारतो की ओव्हरफ्लो वर का घेत नाही. तिथे गाळणीची बादली बसते, आणि शिळं पाणी साठायला जागाच उरत नाही. अगदी तळाला ४० मिलीमीटरचा गाळ काढायचा व्हॉल्व्ह, त्याचा पाइप केळीच्या आळ्याकडे.

वरून येणारा ७५ मिलीमीटरचा पाइप पिंपाच्या तोंडाकडे वळवताना एक गोष्ट जपली तर पुढची डोकेदुखी टळते. बरेच प्लंबर टी लावून दोन्हीकडे व्हॉल्व्ह देतात: एक पिंपाकडे, एक गटाराकडे. कधी ना कधी दोन्ही बंद राहतात आणि वरच्या बाथरूममध्ये घोटाभर पाणी साचतं. त्याऐवजी गटाराकडची फांदी २.४५ मीटरवर काढावी, पिंपाकडचा पाइप तिच्या खालून जावा, आणि व्हॉल्व्ह फक्त पिंपाकडच्या पाइपावर असावा. व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी खाली पिंपात जातं. बंद केला की पाइपात चढून वरच्या फांदीतून आपोआप गटारात जातं. फांदी ट्रॅपच्या तोंडापेक्षा २५ सेंटीमीटर खाली असल्याने ते बाथरूमकडे उलटं येत नाही. गटाराच्या फांदीवर व्हॉल्व्ह कधीच नको.

ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा लहान नसावा. त्याचं टोक गल्ली ट्रॅपच्या (घराबाहेरच्या सांडपाण्याच्या खड्ड्याच्या) जाळीवर मोकळं सोडावं, आत खुपसू नये. टोकाला आणि झाकणाच्या फटींना मच्छरदाणीची जाळी बांधायची. एवढंसं साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं.

गाळणी म्हणजे झाकण असलेली २० लिटरची रंगाची रिकामी बादली, बुडाला आणि बाजूंच्या खालच्या अर्ध्या भागाला ८ मिलीमीटरची भोकं, आत नायलॉनच्या जाळीची पिशवी, जाळीची वीण एक मिलीमीटरच्या आतली. ही बादली पिंपाच्या तोंडात लटकते. पिशव्या दोन असाव्यात. एक दिवसाआड बदलायची, वापरलेली उलटी करून उन्हात वाळवायची. वाळली की केस आणि साबणाचा पापुद्रा झटकून निघतो, ओली असताना हाताला चिकटत बसतो.

फ्लशपर्यंतचा पाइप

पिंपातल्या पाण्यापासून फ्लशच्या टाकीच्या बॉल कॉकपर्यंत (टाकीत पाणी सोडणाऱ्या, फुग्याने बंद होणाऱ्या नळापर्यंत) उंचीचा फरक अर्धा ते एक मीटर इतकाच आहे. गच्चीवरच्या टाकीचा जोर इथे नाही, म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिंपापासून २५ मिलीमीटरचा पाइप आणायचा आणि फ्लशच्या टाकीजवळच तो १५ चा करायचा. पाइप सतत उतरता हवा. मधे कुठे खिडकीवरून कमान घेतली तर तिथे हवा अडकते आणि पिंप भरलेलं असूनही फ्लशला थेंब येत नाही. आणि बॉल कॉक जुन्या पद्धतीचा, दांडी-फुग्याचा आणि मोठ्या भोकाचा घ्यावा. हल्लीचे आवाज न करणारे कॉक आतल्या रबरी पडद्यावर चालतात आणि इतक्या कमी दाबाला ते नीट उघडत नाहीत. मोठ्या भोकाच्या कॉकने ६ लिटरची टाकी दोन-तीन मिनिटांत भरते. लागोपाठ दोन माणसं गेली तर दुसऱ्याला थांबावं लागतं. ते घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता सगळ्यात धोक्याची जागा. कमोडच्या बाजूला भिंतीतून एक टू-वे अँगल कॉक निघतो. त्याच्या एका तोंडाला फ्लशच्या टाकीची नळी आणि दुसऱ्याला जेट स्प्रे. प्लंबरला "फ्लशला हे पाणी जोड" असं सांगितलं की तो सवयीने नवा पाइप त्या अँगल कॉकलाच जोडतो. फ्लश चालतो, सगळे खूश. पण जेटमधूनही आता अंघोळीचं सांडपाणी येतं आणि ते थेट अंगाला लागतं. पाणी बरंचसं नितळ असतं, म्हणून कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. या घरात वयस्कर बाई आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांना किती महागात पडेल याचा विचार करून हे काम स्वतः उभं राहून करून घ्यावं.

योग्य पद्धत अशी: अँगल कॉक गच्चीच्या टाकीवरच राहू द्यायचा. त्याचं फ्लशकडचं तोंड नळीसकट काढून तिथे एंड कॅप घट्ट बसवायची. नुसता कॉक बंद करून ठेवणं पुरेसं नाही, पुढच्या दुरुस्तीत तो कोणीतरी उघडतोच. पिंपाचा पाइप फ्लशच्या टाकीला दुसऱ्या बाजूच्या भोकातून स्वतंत्रपणे आणायचा. बादलीवरचा नळही ताज्या पाण्यावरच ठेवायचा. नंतर पिंपात नीळ घालून पाहावी: कमोडमध्ये निळं यावं, जेट, नळ आणि बेसिनला स्वच्छ.

पिंपातलं पाणी संपलं तर ताजं पाणी आपोआप यावं म्हणून गच्चीच्या टाकीवरून पिंपाला जोड द्यायचा मोह होतो. आम्ही तो दिलेला नाही. गच्चीची टाकी रिकामी झाली की त्या पाइपात खालून ओढ तयार होते आणि जोड चुकीचा असेल तर पिंपातलं पाणी घरातल्या नळांत येऊ शकतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्याच्या बैठकीत एक केस अडकला तरी तो गळतो. जोड द्यायचाच असेल तर ताज्या पाण्याचा पाइप ओव्हरफ्लोच्या पातळीपासून किमान ५ सेंटीमीटर वर, हवेत मोकळा संपला पाहिजे. पण महिन्यातून दोन-चारदा पाणी कमी पडणार असेल तर कमोडमध्ये अर्धी बादली ओतणं हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे.

रोजचं वेळापत्रक

रात्री पिंप रिकामं करून झोपावं असं पटकन वाटतं. पण फ्लशचा सगळ्यात जास्त वापर सकाळी अंघोळींच्या आधी होतो. म्हणून दिवस सकाळी सात वाजता बदलायचा. सकाळचे संडास उरकले की गाळाचा व्हॉल्व्ह उघडून उरलेलं वीसेक लिटर पाणी तळाच्या गाळासकट केळीला सोडायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. मग अंघोळी. नऊपर्यंत पिंप भरतं. तेच पाणी दुसऱ्या दिवशी सातपर्यंत चालतं. चोवीस तासांची अट अशी सहज पाळली जाते.

शेवटची अंघोळ झाली की क्लोरीन. बाजारात मिळणारं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मिलीलिटर, म्हणजे एक ग्रॅम क्लोरीन. ९० लिटरला ते दर लिटरमागे ११ मिलिग्रॅम पडतं. पिण्याच्या पाण्याला लागतं त्याच्या कितीतरी पट, कारण साबण आणि मळ त्यातलं बरंचसं खाऊन टाकतात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल तर ताजी ३ ग्रॅम पावडर मगभर पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवायची आणि वरची निवळी तेवढी ओतायची, चुन्याचा साका ओतला तर तो बॉल कॉकमध्ये बसतो. डबा उघडून महिने झाले असतील तर पावडरचा जोर गेलेला असतो. अर्ध्या तासाने फ्लशच्या टाकीतलं पाणी घेऊन ओटी टेस्ट करावी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, जलसुरक्षक गावात करतो तीच. फिकट पिवळा रंग आला की झालं. काहीच रंग नाही आला तर आणखी १० मिलीलिटर. गडद पिवळा येत असेल तर मात्रा कमी करावी, जास्त क्लोरीनने फ्लशची रबरं कडक होऊन तडकतात.

कमोड धुवायला ॲसिड वापरत असाल तर ते आणि क्लोरीनची बाटली एका वेळी हातात घेऊ नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो आणि बंद संडासात तो जीवावर बेतू शकतो. ॲसिड टाकायच्या दिवशी पिंपात क्लोरीन घालायचं नाही, आणि जोरात दोनदा फ्लश करून मगच दार लावायचं.

व्हॉल्व्ह बंद ठेवायचे दिवस

काही दिवशी अंघोळीचं पाणी पिंपात घ्यायचंच नाही. दिवाळीत अभ्यंगस्नानाचं तेल आणि उटणं यांचा मिळून असा काला होतो की जाळी एका अंघोळीत बुजते. रंगपंचमीला रंग. केसांना मेंदी किंवा डाय लावला तर तेव्हा. घरात कोणाला जुलाब, उलट्या, कावीळ किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर पूर्ण बरं होईपर्यंत. पाहुण्यांचं तान्हं बाळ असेल आणि त्याचे लंगोट त्या न्हाणीत धुतले जाणार असतील तर तेव्हाही. घर दोन दिवसांहून अधिक बंद राहणार असेल तर पिंप आणि फ्लशची टाकी दोन्ही रिकाम्या करून जायचं. मुलं अंघोळ करताना तिथेच लघवी करतात. रागावण्यापेक्षा कारण सांगितलेलं चालतं: त्याने क्लोरीन संपतं आणि संडासाला वास येतो.

काय बिघडतं

या भागातलं बोअरचं पाणी जड असतं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी करडी-पांढरी साय तयार करतात. ती जाळीतून सुटते आणि बॉल कॉकच्या भोकापाशी, जिथे पाणी अरुंद वाटेने जातं, नेमकी तिथे थरावर थर बसते. लक्षण असं: दोन मिनिटांत भरणारी टाकी दहा मिनिटं घ्यायला लागते. कॉक उघडून भोकात दाभण फिरवली की मेणासारखी वळी बाहेर येते. महिन्यातून एकदा हे काम ठरलेलंच धरावं. पिअर्ससारख्या पारदर्शक साबणाने हा त्रास जात नाही. चरबीपासून केलेला साबण कुठलाही असो, साय धरतोच. सिंडेट प्रकारच्या (साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटच्या) वडीने किंवा बॉडीवॉशने ती कमी होते.

हीच साय फ्लशच्या खालच्या रबरावर बसली की रबर पूर्ण मिटत नाही. रात्रभर बारीक धार चालू राहते आणि सकाळी पिंप रिकामं. मग "पाणी पुरत नाही" म्हणून मोठं पिंप आणायची भाषा सुरू होते. त्याआधी रात्री फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाकावेत आणि वीस मिनिटं फ्लश करू नये. कमोडच्या पाण्यात निळी रेघ उतरली तर गळती तिथेच आहे. रबर काढून कोमट पाण्याने पुसलं तरी बहुतेक वेळा भागतं.

वास आला तर पिंपाला दोष देण्याआधी फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून आत बोट फिरवावं. भिंतींना बुळबुळीत थर लागत असेल तर क्लोरीन तिथपर्यंत पोचत नाही आहे. टाकी रिकामी करून ब्रशने घासावी. पिंप मात्र दर पंधरवड्याला झाकण काढून घासायचंच.

हिशेबाने रोज सत्तरेक लिटर ताजं पाणी वाचतं. नळाला सात दिवसांनी पाणी येत असेल तर दोन पाण्यांच्या मधे सुमारे ४९० लिटर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं जवळजवळ अर्धं. पाच हजार लिटरचा टँकर घेणाऱ्या घरात सत्तर दिवसांत एक टँकर कमी होतो.

शेवटचं काम रंगाचं आणि कागदाचं. पिंपापासून फ्लशपर्यंतच्या पाइपाला जांभळा रंग द्यावा. पुनर्वापराच्या पाण्यासाठी तो रंग अनेक देशांत ओळखला जातो. पिंपावर आणि कमोडच्या टाकीवर ठळक अक्षरांत लिहावं: "हे पाणी पिण्याचं नाही, धुण्याचं नाही." कुठला पाइप कुठून येतो, एंड कॅप कुठे आहे आणि काम कोणत्या तारखेला झालं याचा हाताने काढलेला नकाशा प्लास्टिकमध्ये घालून संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा. पाच वर्षांनी नळ गळला तर येणारा प्लंबर दुसरा असेल, आणि टू-वे अँगल कॉकचं ते बंद तोंड उघडण्याआधी त्याने तो कागद वाचलेला असला पाहिजे.